विनायक आधीही एकदा गेला होता

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला क्लासवर होतो. फळ्यावरचं गणित अर्धवट होतं. फोन मुदखेडहून, त्याच्या शेजारच्या गयाबाईंचा. "सर, आपला विनायक गेला. तिकडंच, झोपेत. हार्ट अटॅक म्हनून राहिले." माझ्या तोंडून निघालं, "नक्की का?" अशा वेळी असं कुणी विचारत नाही, हे मलाही कळतं. पण विनायक आधीही एकदा गेला होता, आणि तेव्हाही याच गयाबाई रडल्या होत्या...

आमची ओळख लातूरची. बारावीला क्लासेसच्या मागच्या गल्लीत आम्ही एका खोलीत राहायचो. मी नापास होण्याच्या भीतीनं अभ्यास करायचो, तो आवडतो म्हणून. अशा माणसाबरोबर राहणं फार त्रासाचं असतं. पुढे मी त्याच गल्लीत शिकवायला लागलो आणि तो दक्षिणेत, समुद्रकाठी जिथून रॉकेट सोडतात तिथे इंजिनियर झाला. त्याचे वडील मालगाडीवर गार्ड होते, ते लवकर वारले. मुदखेडच्या घरात त्याची आई, आमच्या काकू, एकट्याच. ज्या रॉकेटवर त्यानं कैक वर्षं घालवली ते उडायची तारीख ठरली तेव्हा तो मला म्हणाला, "माय एकटी बघंल टीव्हीवर. तू जाऊन बस तिच्यापाशी."

उड्डाणाच्या दिवशी सकाळी पोचलो तर अख्खी गल्ली घरात. पेढे आणलेले, टीव्हीला हार घातलेला. विनायकनं काकूंना आदल्या दिवशी सांगितलं होतं, उद्या दिवसभर रॉकेटपाशी आहे, फोन बंद राहील. आता मुदखेड पडलं जंक्शन. निम्म्या गल्लीची हयात रेल्वेत गेलेली. गाडी सुटली की तिच्याबरोबर माणूस जातो, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. काकूंचे यजमानही ड्यूटीवर निघताना असंच काहीतरी सांगून जायचे. या गाडीत ड्रायव्हर नाही, गार्ड नाही, नुसता उपग्रह आहे, हे सांगायला हवं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रॉकेट वर गेलं. टाळ्या वाजल्या. मग आभाळातल्या त्या पांढऱ्या रेघेला मध्येच फाटे फुटले आणि तुकडे खाली यायला लागले. निवेदक बोलता बोलता थांबला. पडद्यावर एक खोली दिसली, तिच्यातली माणसं कपाळाला हात लावून बसलेली. गयाबाईंनी हंबरडा फोडला, "लेकरू गेलं की गं माय..." आणि सगळं घर रडायला लागलं. मी उभा राहून ओरडत होतो, "त्यात विनायक नव्हता! काकू, त्यात माणूसच नव्हता!" लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं मास्तरचं डोकं फिरलं. एका म्हाताऱ्यानं मला धरून खाली बसवलं आणि पाणी पाजलं.

काकू रडल्या नाहीत. टीव्हीवाले तेच तेच दाखवत होते आणि त्या दरवेळी बघत होत्या. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून घरच्यांना कडू घास भरवतात. दुपारी गयाबाईंनी ताट आणलं. काकूंनी तोंड उघडलं, घास गिळला. माझ्या डोळ्यांसमोर एका जित्या माणसाचं सुतक सुरू झालं आणि मला काही करता आलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. "माय, मी विनायक." काकूंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग हळूच विचारलं, "कुठून बोलून राहिलास?"

तो घरी आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून, हातांवरून, पावलांवरून हात फिरवला. गल्ली म्हणाली, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. त्यानंही चेष्टा केली, "गयामावशी, माझ्या नावाचं पिठलं झालं होतं तरी कसं?" सगळे हसले, काकू सोडून. स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मात्र तो म्हणाला, "गल्ली चुकली न्हाई रे. तिकडं आमच्या मेसमधीबी त्या दिवशी कुणी जेवलं न्हाई." पुढे त्याची रॉकेटं नीट उडाली, पण ती वर जाताना तो डोळे मिटून बसायचा. काकूंनी टीव्ही पुन्हा लावला नाही. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कुठून बोलून राहिलास. "घरून, माय." "बसमधून, माय." हे ऐकल्याशिवाय त्या पुढचं काही बोलायच्या नाहीत.

या वेळी त्याला ॲम्ब्युलन्समधून आणलं. काकूंनी चेहरा पाहिला आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. सगळं उरकल्यावर गयाबाईंनी ताट पुढे केलं, तर त्यांनी सारून दिलं. "त्याच्या नावाचा घास खाल्लाय मी. एका लेकाचा दोनदा खात न्हाईत." तेरावा झाला तरी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. कपभर दूध, तेही कुणी बळं पाजलं तर. गयाबाईंनी मला बोलावून घेतलं, म्हणाल्या, "अशानं म्हातारी हातची जाईल, सर."

मी गेलो. वाटेत समजुतीची खूप वाक्यं जुळवली होती, पण काकूंनी मला बोलूच दिलं नाही.

"त्या दिवशी तू गळा फोडून सांगत व्हतास, त्यात विनायक न्हाई. समद्यांनी तुला येडा म्हनलं, अन् तूच खरा निघालास."

"हाव, काकू."

"मंग आता बी तूच सांग. त्या गाडीतून आनला त्यो माझा विनायक व्हता का?"

खोटं बोलावंसं वाटलं. आयुष्यात इतकं कधीच वाटलं नव्हतं.

"होता, काकू. मी खांदा दिला त्याला."

त्यांनी गयाबाईंना हाक मारली, म्हणाल्या, "आन गं ताट." भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि सावकाश चावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही. दुसरा घास केला आणि माझ्यापुढे धरला.

"घे. तुझाबी कडू घास व्हायचाय अजून."