रावेतच्या चौकातली गाभण म्हैस

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही, ते मी मानत नाही. कँटीनमध्ये भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी सरळ ताट उचलून दुसरीकडे बसायचो. तरीही हे लिहितोय... कारण हे माझ्यादेखत घडलंय.

आम्ही रावेतचे जुने गावकरी. आईनं आयुष्यभर म्हशी सांभाळल्या; गोठा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. आठ महिने एक शब्द नाही. जेवण चमच्यानं भरवायचं, तेही अर्धंच जायचं. फर्स्ट शिफ्ट करून आलो की मी तिला व्हीलचेअरवरून फिरवून आणायचो.

घराजवळच्या चौकात तेव्हा नवीनच एक म्हैस बसवली होती – सिमेंटची, जमिनीवर निवांत रवंथ करत बसलेली. चौथरा नाही, कठडा नाही. एका संध्याकाळी आईनं खुणेनं खुर्ची तिच्याजवळ न्यायला लावली. चालता हात म्हशीच्या पोटावर ठेवला... बराच वेळ. तेवढ्यात दोन पोरी धावत येऊन पाठीवर चढल्या.

"उतरा गं! गाभण हाय ती!"

कोण बोललं म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. आई बोलली होती! मी तिथंच फूटपाथवर बसून रडलो, राव.

आता – वाचा परत येऊ शकते, असं डॉक्टर म्हणालेच होते. त्याचं मला नवल नाही. पुढचं ऐका.

चार दिवसांनी म्हैस घडवणारा मूर्तिकार तिचा तुटलेला कान बसवायला आला. लातूरकडचा, साधा माणूस. मी त्याला आईची गंमत सांगितली. तो हसला नाही. हातातली थापी खाली ठेवली.

"भाऊ, तुमाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"ही आतून पोकळ हाय. आधी नमुना म्हणून मी एक लहान रेडकू केलतं. फोडायला जीव होईना... म्हणून हिच्याच पोटात ठेवलं अन् बंद केलं. बायकोला बी बोललो नाही."

आई आता तुटक का होईना, बोलते. भाकरी मागून घेते. परवा तिला विचारलंच – "आई, तुला कसं कळलं गं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळा.

"हात लावल्यावर कळतंच की."

मीही जाऊन हात लावून आलोय... दोनदा. मला अजून काही कळलेलं नाही.