खोलीत आम्ही तिघीच होतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, निपाणीच्या बहिणीलाही नाही. कुणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं, असं मात्र नाही. विचारलं होतं. अगदी समोर उभं राहून विचारलं होतं, आणि तेव्हा मी काय केलं तेच सांगायचं आहे. पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. एकदम तोंडाला येत नाही ते.

आधी माझं काम सांगते. मी नर्स. बेळगावला शिकले, बंगळूरला आले आणि इथल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत उमेदीची सगळी वर्षं काढली. मग मला वॉर्डातून उचलून शिकवण्याच्या कामावर घेतलं. नव्या मुलींना शिकवायला नव्हे, त्यांना वॉर्डातल्या जुन्या नर्स शिकवतात. मी त्या जुन्या नर्सना शिकवते. पंधरा-वीस वर्षं पेशंट सांभाळलेल्या बाईनं शिक्षिका कसं व्हायचं, ते.

सोपं वाटतं ना ऐकायला? जिला सगळं येतं तिला शिकवायला काय अवघड? पण होतं काय — नवी मुलगी सलाइनची सुई घेऊन शीर शोधत असते, चाचपडत असते. जुनी नर्स क्षणभर बघते आणि तिचे हात आपोआप पुढे येतात. "दे इकडे." झालं. पेशंटचं काम होतं, मुलगी काहीच शिकत नाही. म्हणून माझ्या वर्गात सुरुवातीचे काही दिवस सगळ्याजणी हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. आधी हसतात. मग कळतं त्यांना, हे किती जड जातं ते.

आणि दुसरी गोष्ट चुकांची. नवी मुलगी चूक लपवते ती भीतीनं. आपल्याला शिकवणारी बाई कधी चुकलेलीच नाही असं तिला वाटलं, तर ती काही केल्या तोंड उघडणार नाही. आणि लपवलेली चूक शेवटी पेशंटला भोवते. तेव्हा आपली एक तरी खरी चूक मुलींसमोर मांडता आली पाहिजे, हे मी फार जोर देऊन सांगायचे. त्याचा सरावही करून घ्यायचे, दोघी-तिघींच्या गटात, दार लावून. खोलीतलं खोलीतच राहील, असा शब्द द्यायचे. दरवेळी. अगदी मनापासून — हो, मनापासूनच. तेच तर आता कळत नाही मला.

मी स्वतः कुठली चूक सांगायचे? एका आजोबांचा ताप चार्टवर लिहायचा राहिला होता, ती. वर्षानुवर्षं तीच. बेताची, धुवून-पुसून ठेवलेली, पाहुण्यांसाठी बाहेर काढायच्या कपबशीसारखी. खऱ्या चुका आतच होत्या.

सरोजा अशीच एका वर्षी माझ्याकडे आली. सर्जिकल वॉर्डातली. बंगळुरातच कित्येक पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. तिचं मराठी निम्मं कन्नड. मी मराठी आहे कळल्यापासून मला 'अक्का' म्हणायची. तिच्याबरोबर जिन्सी आली, केरळची. दोघी एकदमच नोकरीला लागलेल्या, नर्सिंग हॉस्टेलात एकाच खोलीत राहिलेल्या. सरोजाच्या बाळंतपणात नवरा परगावी होता, तेव्हा कळा सुरू झाल्यापासून जिन्सी तिच्या उशाशी बसून होती. ती मुलगी जिन्सीला 'मावशी' म्हणत मोठी झाली, शाळेच्या सुट्टीत तिच्याबरोबर केरळलाही जाऊन आली. कॅन्टीनमध्ये दोघींचे डबे एकत्रच उघडायचे.

सरोजा शिकवायला उभी राहिली की मी मागे बसून बघायचे. ती मुलीला डोळे मिटायला लावायची आणि बोटाखाली काय लागतंय ते सांग म्हणायची. प्रश्न विचारला की गप्प राहायची. खरंच गप्प, मुलगी उत्तरापर्यंत पोचेस्तोवर. मला हे जमायला वर्षं गेली होती. तिला आल्या आल्या जमलं. मला आनंद झाला का? झाला. आणि आत काहीतरी टोचलंही. तेव्हा त्याला मी नाव दिलं नाही. आज देते. मत्सर होता तो.

चुकांच्या सरावाच्या दिवशी त्या खोलीत आम्ही तिघीच होतो — सरोजा, जिन्सी आणि मी. जिन्सीनं आपली सांगून टाकली, भराभरा, ती बोलतेच तशी. मग सरोजाची पाळी. ती बराच वेळ मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा उघडत आणि लावत राहिली. मग बोलायला लागली.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, याच हॉस्पिटलातली. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाचे दोन पेशंट होते. एकाचं इन्सुलिन तिनं दुसऱ्याला टोचलं. त्याला मधुमेह नव्हताच. थोड्या वेळानं तो घामानं डबडबला, बरळायला लागला. आपण काय केलंय ते सरोजाला तत्काळ कळलं. तिनं साखर तपासली, डॉक्टरांना बोलावलं, ग्लुकोज चढवलं, तो वाचला. पण साखर अशी एकाएकी उतरली का, ते ती बोलली नाही. डॉक्टर कारण शोधत बसले. त्या माणसाच्या नाही नाही त्या तपासण्या झाल्या. त्याची बायको बाहेर बाकावर रडत होती.

"चहा नेऊन दिला मी तिला, अक्का," सरोजा म्हणाली. "चहा दिला. बोलले नाही."

जिन्सीनं तिचा हात धरला. मी म्हटलं, "हे असंच मुलींना सांग. तुझ्यासारखी शिकवणारी मिळायला पाहिजे त्यांना." आणि पुन्हा तेच — खोलीतलं खोलीतच राहील.

आता त्या दुपारपाशी यायला हवं.

सर्जापूर रोडला आमचं नवं हॉस्पिटल उघडत होतं. तिथलं शिकवण्याचं सगळं काम एका नर्सच्या हाती द्यायचं होतं. ती जागा माझी, असं मी धरून चालले होते. कुणी तसं म्हटलं नव्हतं; मीच मनात पक्कं करून टाकलं होतं. त्या दुपारी मेट्रन मॅडमनी बोलावलं, कॉफी मागवली आणि म्हणाल्या, "सर्जापूर रोडला सरोजाला पाठवावं म्हणते. तुमच्या हाताखाली तयार झालेली आहे. तुम्हाला काय वाटतं?"

काय म्हणायला हवं होतं मी? उत्तम आहे, एवढं पुरे होतं. मी ते म्हटलंही. "सरोजा उत्तम आहे मॅडम." आणि मग म्हटलं — "फक्त..."

मॅडमनी मान वर केली. आणि मी बोलत गेले. काळजीच्या सुरात. जबाबदारीची जागा आहे म्हणून सांगते. तुमच्या कानावर असावं. माझं नाव येऊ देऊ नका. इन्सुलिन, त्या दोन खाटा, लपवलेलं कारण, सगळं सांगितलं. कुणी माझ्या तोंडून काढून घेतलं नाही. मीच दिलं. कॉफी संपवून उठले तेव्हा मला हलकं वाटत होतं — हेही सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, इतकंच? नाही. इतकंच नाही.

मॅडमनी सरोजाला बोलावून विचारलं. तिनं नाकारलं नाही. शिकवणाऱ्यांतून तिचं नाव गेलं. तिला ओपीडीतल्या इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. सर्जापूर रोडची जागा मला मिळाली. जुन्या हॉस्पिटलात सरोजाच्या जागी शिकवायला जिन्सीला घेतलं.

सरोजा रडायला कुणाकडे आली असेल? माझ्याकडे. दार लोटून आत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"खोलीत आपण तिघीच होतो ना, अक्का? मग जिन्सीनंच केलं हे. माझी जागा पाहिजे होती तिला."

माझ्यावर संशय तिला शिवलाही नाही. शिकवणारी बाई असं करेल हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. त्या क्षणी मी बोलू शकले असते. एक वाक्य होतं ते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे. माणसं कळत नाहीत."

मी जिन्सीचं नाव घेतलं नाही, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला बजावत होते. नाव घेतलं नव्हतंच. पण माणसं कळत नाहीत, हे मग कुणाबद्दल म्हटलं होतं मी?

सरोजानं जिन्सीशी बोलणं तोडलं. जिन्सीला अर्थातच खरं ठाऊक होतं. तिघींतली एक सरोजा स्वतः, दुसरी जिन्सी. उरलं कोण? ती सर्जापूर रोडला, माझ्या नव्या ऑफिसात आली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, तसंच त्या दिवशीही.

"मॅडम, मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं का?"

हेच ते समोर उभं राहून विचारणं.

मी म्हटलं, "मी कशाला सांगेन?"

ती भांडली नाही. "मग सरोजाला एवढं तरी सांगा, की जिन्सी नव्हती. कोण होतं ते सांगू नका हवं तर. तुमचं ऐकेल ती."

विचार करा, केवढी वाट काढून देत होती ती मला. मी म्हटलं, "सांगते." ती "सरी" म्हणाली, म्हणजे बरं, आणि गेली.

मी सांगितलं नाही.

जिन्सीनं वाट पाहिली असणार. मग ती स्वतःच सरोजाच्या घरी गेली. हे मला सरोजाकडूनच कळलं, फोनवर. "ऐकलं का अक्का, तुमच्यावर घालत होती ती! तुमचं नाव घेतलं तिनं! इतकी खाली उतरली? मी म्हटलं, चालती हो माझ्या घरातून." मुलगी मध्ये पडली म्हणे, मावशीचा हात धरून ठेवला तिनं. सरोजानं तो सोडवला.

मी फोन कानाशी धरून उभी होते. खिडकीखाली गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. पलीकडे सरोजा माझी बाजू घेऊन रडत होती. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? "सोड. मनाला लावून घेऊ नकोस."

एका बाईचं काम काढून घेतलं, तेव्हा निदान घाईत बोलून गेले असं म्हणायला तरी जागा होती. त्या फोनवर घाई नव्हती. मी ऐकत होते, मला सगळं समजत होतं, आणि खरं बोलणारी जिन्सी खोटी ठरताना मी ती ठरू दिली.

जिन्सी शिकवण्याच्या जागेवर फार टिकली नाही. राजीनामा देऊन होसकोट्याच्या एका लहान हॉस्पिटलात पुन्हा वॉर्डात लागली. निरोपाचा केक वगैरे नको म्हणाली. त्यानंतर आमची भेट नाही. सरोजाची आणि तिचीही नाही.

मी त्याच जागेवर आहे. माझं काम चांगलं चाललं आहे, लोक नाव काढतात.

मध्यंतरी सरोजानं घरी बोलावलं. मुलगी नर्सिंगला लागली म्हणून. आता कुठे वॉर्डात जायला लागली होती पोर. सरोजानं मला पंख्याखाली बसवलं, "स्वल्प टेका की अक्का" म्हणत पाठीशी उशी दिली, आणि मुलीला म्हणाली, "पाया पड. मला शिकवलंय यांनी." मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बोलता बोलता मुलीनं सांगितलं, की वॉर्डात तिच्या हातून एका बाईचं ब्लडप्रेशर दुसरीच्या नावावर लिहिलं गेलं. लक्षात आल्यावर ती धावत जाऊन सिस्टरना सांगून आली. सिस्टर रागावल्या, पण दुरुस्त झालं. सांगताना जरा खूश होती ती.

सरोजा चिडली. "किती वेळा सांगितलंय हिला, अक्का. चूक झाली तर तोंड उघडायचं नाही. आपली आपण निस्तरायची आणि गप्प बसायचं. मी विश्वासानं बोलले, काय झालं माझं? सख्ख्या मैत्रिणीनं गळा कापला."

मुलगी खाली बघत होती. तिच्या त्या मावशीबद्दलच बोलणं चाललं होतं. मग तिनं मान वर केली आणि सरळ मला विचारलं, "खरं का, मॅडम? सांगायचं नाही?"

तिथेही आम्ही तिघीच होतो. उत्तर मला येत होतं. जन्मभर दुसरं काय शिकवलं मी? पण सांग म्हटलं असतं, तर सरोजा म्हणाली असती, मग माझं काय चुकलं होतं, अक्का? आणि तिथून पुढे मला थांबता आलं नसतं.

मी म्हटलं, "आईचं ऐक, बाळ."

सरोजा समाधानानं कॉफी आणायला आत गेली. मुलगी मान हलवून गप्प बसली. मी कॉफी घेतली, थोडा वेळ बसले आणि निघाले. ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली.

जिन्सीनं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. सरोजाला हे अजून ठाऊक नाही. आणि तिची मुलगी एक दिवस कुणाच्या तरी खाटेपाशी उभी असेल, तिच्या हातून काहीतरी चुकलेलं असेल, आणि ती गप्प राहील. तिला तसं शिकवलं आहे. मी शिकवलं आहे.