अक्काची डावी बाजू

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत अण्णांनी अडतीस वर्षं लोकांना दात करून दिले, पण त्यातल्या एकाच्याही तोंडात कधी डोकावून पाहिलं नाही. पेशंट पुढच्या दाराने यायचे, अण्णा मागच्या. मधल्या खिडकीतून डॉक्टरीणबाई हिरड्यांचं माप आत सरकवायच्या आणि पंधरवड्याने अण्णा त्याच खिडकीतून कवळी बाहेर सरकवायचे. मेणात दात बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. कवळी परत आलीच, तर सोबत चिठ्ठी यायची : ‘उजवीकडे टोचते’, ‘खालची हलते’. अण्णा चिठ्ठी वाचत, मशीनवर जरासं घासत आणि खिडकीतून ओरडत, “महिनाभर घाला म्हणावं, सवय होईल!”

सहासष्टाव्या वर्षी त्यांचेच उरलेसुरले सहा दात निघाले आणि खुर्चीत बसायची पाळी त्यांच्यावर आली. “माझी कवळी मीच करणार,” त्यांनी हट्ट धरला. बाईंनी हसून माप आत सरकवलं. अण्णांनी जीव ओतून काम केलं. पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका लावला, कारण जन्मभर तो तसाच होता.

पहिल्या दिवशी कवळी तोंडात गेली आणि अण्णांना वाटलं, कुणी तरी साबणाची वडी कोंबली आहे. तोंडचं पाणी पळायच्या ऐवजी धो धो वाहायला लागलं. ‘सांगतो’ म्हणायला जावं तर ‘थांगतो’ बाहेर पडे. जेवताना खालची कवळी जिभेबरोबर उठायची आणि वरून जीभच चावली जायची. चौथ्या दिवशी डाव्या हिरडीला ठणका लागला. बाईंना सांगायची लाज वाटली. एवढा जुना कारागीर, आणि स्वतःच्याच कामाबद्दल तक्रार! दार लावून त्यांनी कवळी मशीनवर धरली. दुखतं कुठे हे अंदाजानेच ठरवलं आणि घासत सुटले. कवळी सैल झाली, ठणका होता तिथेच राहिला. मग त्यांनी ती रुमालात गुंडाळून कपाटात टाकली आणि चार दिवस पेजेवर काढले.

घरात दोघंच होती, अण्णा आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. पेजेच्या पाचव्या दिवशी कपड्यांच्या घड्या ठेवताना रुमाल तिच्या हाताला लागला.

“हे काय रे? कोरडी ठेवलीस? पेशंटांना सांगून सांगून दातांच्या कण्या करतोस ना, काढली की पाण्यात ठेवा म्हणून?”

“मला नाही जमत, अक्का.”

“किती दिवस झाले?”

“नऊ. त्यातले चार कपाटात.”

अक्का पलंगावर टेकली. तिच्या तोंडातही अण्णांनीच केलेली कवळी होती, अकरा वर्षांपूर्वीची. “मला दोन महिने लागले होते,” ती म्हणाली. “आणि डावी बाजू तर अजून टोचते. मी उजवीकडेच चावते.”

“अकरा वर्षं? मग बोलली का नाहीस?”

“तू सगळ्यांना सांगायचास, सवय होईल. म्हटलं, करावी सवय. आणि तू इतक्या हौसेने केली होतीस, कुठल्या तोंडाने सांगणार?”

अकरा वर्षं ते रोज तिच्यासमोर जेवायला बसत होते.

त्या दिवसापासून अक्काने त्यांची शाळा घेतली. पावाचे छोटे तुकडे कर. पुढच्या दातांनी तोडू नकोस, मागे घे, आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं ठेवून चाव, म्हणजे कवळी उलटत नाही. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घे, हातातून निसटली तर फुटायची नाही. हिरड्यांवरून मऊ फडकं फिरव. बोलण्यासाठी तर तिने आकडे स्पष्ट म्हणायचा एक्स्चेंजचाच उपाय काढला. “एकसष्टपासून मोज. मोठ्यांदा!” अण्णा गॅलरीत उभे राहून “एकथष्ट, बाथष्ट” म्हणत आणि आत अक्का पोट धरून हसे. आठवड्याने सदुसष्ट नीट उमटला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

ठणका मात्र मोजून जाणारा नव्हता. त्यापायी त्यांनी पुन्हा दोन दिवस कवळी काढून ठेवली, तेव्हा अक्काने त्यांना दवाखान्यात नेलं. अण्णांनी मान खाली घालून मशीनचा पराक्रम कबूल केला.

“अहो अण्णा, तोंडात बघितल्याशिवाय घासायचं नसतं,” बाई म्हणाल्या. “आणि इकडे यायच्या आधी एक दिवस तरी कवळी घालायची. त्याशिवाय हिरडी कुठे लाल होते ते मला कसं दिसणार?”

दुसऱ्या दिवशी अण्णा कवळी घालून गेले. बाईंनी आत पांढरी पेस्ट लावून कवळी दाबून बसवली, काढली. एका जागची पेस्ट पुसली गेली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. तेवढंच घासलं. सैल झालेल्या भागाला आतून नवं अस्तर दिलं. अण्णांनी दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले. काहीच दुखलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. बाईंनी शहाणपणाने अवजारं आवरायला घेतली.

“डॉक्टर, आता हिला बघा,” अण्णा म्हणाले आणि अक्काला खुर्चीत बसवून शेजारी उभे राहिले. आपलं काम माणसाच्या तोंडात कसं बसतं हे ते पहिल्यांदाच बघत होते. अकरा वर्षांत हिरड्या झिजल्या होत्या, जबडा एका बाजूला सरकायला शिकला होता. “ही दुरुस्त होणार नाही. नवीन करू,” बाई म्हणाल्या.

नवी करताना अण्णांनी अक्काला तीनदा दवाखान्यात बोलावलं. मेणातले दात तोंडात बसवून तिला बोलायला लावलं, हसायला लावलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, “कुठे टोचतं? खरं सांग हं.” पहिल्या वेळी ती “नाही रे” म्हणाली. अण्णा नुसते थांबले. मग तिने बोट लावून दाखवलं.

कवळी मिळाल्यावर त्या संध्याकाळी दोघं गॅलरीत सफरचंदाच्या फोडी घेऊन बसली. अक्काने डावीकडे एक फोड ठेवली, दबकत चावली, थांबली, पुन्हा चावली.

“अरे,” ती म्हणाली, “केवढी गोड आहेत ही!”

“कालच्याच पिशवीतली आहेत, अक्का.”

“असू दे. आण अजून.”

अण्णा उठले. आत दुसरं सफरचंद चिरताना त्यांच्या मनात आलं, अक्का बोलली नसती तर ती उरलेलं आयुष्य तशीच जेवली असती, आणि आपण पेजेवर. सोमवारी त्यांनी बाईंना विचारून घेतलं आणि कवळी द्यायच्या वेळी खिडकीतून सरकवण्याऐवजी स्वतः पुढच्या खोलीत गेले. खुर्चीत एक निवृत्त बस कंडक्टर धास्तावून बसले होते.

“नमस्कार,” अण्णा म्हणाले, “ही मी केली आहे. दुखली तर गप्प बसू नका.”