आईच्या वाटचा तळ

आमच्या घरात इंग्रजी फॉर्म आला की तो माझ्यासमोर ठेवला जातो. मी सहावीत होते तेव्हापासून हे चालू आहे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या जिन्यातली मी एकटीच इंग्रजी माध्यमात होते, त्यामुळे बँकेचे, गॅसचे, समोरच्या काकूंच्या पासपोर्टचे, सगळे फॉर्म माझ्याच हातून गेले. बोलायला मी कच्ची. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. पण फॉर्म भरताना कुणाशी बोलावं लागत नाही. चौकोन असतात, त्यात उत्तरं बसतात. आई शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत राहायची आणि मग जिन्यात शेजारणींना सांगायची, "एकदाबी खोडत न्हाई, बघा."

म्हणून त्या बेटावर, डायव्हिंगच्या टेबलाशी, तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला तेव्हा आईने तो हातात घेतलाही नाही. सरळ माझ्याकडे ढकलला.

अंदमानातलं रिसॉर्ट होतं ते. दादा शिक्रापूरला एका कंपनीत आहे. आईपप्पांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्याने आम्हा चौघांचं बुकिंग केलं आणि ऐन वेळी त्यालाच रजा मिळाली नाही. आम्ही तिघं गेलो. "सगळं त्यात आलं," तो फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता. "जेवण, चहा, बोट, डायव्हिंग. फक्त हातातला पट्टा काढू नका."

पोहोचल्या पोहोचल्या आमच्या मनगटांवर निळे पट्टे बांधले गेले. आई म्हणाली, "दवाखान्यात ॲडमिट केल्यावानी वाटतंय." पप्पांना मात्र तो पट्टा फार आवडला. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, खिशातला पास काढून दाखवण्यात त्यांचा हात बसलेला. ते प्रत्येकाला मनगट दाखवायचे. वेटरला, स्वागताच्या काउंटरवर, बोटीवाल्याला.

"पप्पा, त्याला नका दाखवू. तो झाडांना पाणी घालतोय."

"असू दे. स्टाफच आहे ना?"

आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न: "हे पण धरलंय का त्यात?" लिंबूपाण्याला, टॉवेलला, एकदा तर झोपाळ्यालासुद्धा.

आईला त्या सगळ्यात फारसा रस नव्हता. बुफेत ती वरणभातच घ्यायची आणि पिशवीतली शेंगदाण्याची चटणी हळूच ताटात सोडायची. तिला एकच गोष्ट हवी होती. दादाने बुकिंग केलं त्या दिवशी फोनवर पाण्याखालचा एक व्हिडिओ दाखवला होता. तो तिने मला नंतर चारदा लावायला लावला. "एवढं लख्ख दिसतंय व्हय खाली?" ती विचारायची.

आईचं माहेर पाटसच्या पुढे, उसाच्या रानात. तिथल्या विहिरीत ती पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली, आणि शिकली ती इतकी की वस्तीवर कुणाची कळशी विहिरीत पडली आणि गळ टाकूनही निघाली नाही, की आईला हाक मारायचे. दहा-अकरा वर्षांची ती मुलगी बुडी मारून तळाला जायची आणि कळशी घेऊन वर यायची. हे मला माहीतच नव्हतं. विमानात, खिडकीतून खाली समुद्र दिसायला लागला तेव्हा तिने सांगितलं.

"तळाशी काय दिसायचं गं?" मी विचारलं.

"काय दिसतंय! काळंकुट्ट. डोळं उघडलं तरी मिटल्यासारखंच. गाळात चाचपायचं, काठ हाताला लागला का धरायचा आन् वर." मग म्हणाली, "तळ कवा बघितलाच न्हाई मी. हातालाच ठाऊक."

लग्नानंतर ती कॉलनीत आली, नळाच्या पाण्यावर. पोहणं तिथेच संपलं. पुढे खोकला सुरू झाला. गळीत हंगामात माहेरी गेलं की कारखान्याची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते, रानात पाचट पेटवतात, आणि तो धूर तिच्या छातीत जाऊन बसायचा. डॉक्टरांनी दमा सांगितला. आई त्याला 'बारीक खोकला' म्हणते. पंप रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात असतो, आणि तो घ्यायचा झाला तर ती पाठ फिरवते, अगदी माझ्याकडेसुद्धा.

तर तो फॉर्म. डावीकडे 'येस'ची रांग, उजवीकडे 'नो'ची. मी विचारत गेले, आई सांगत गेली. हृदयाचं काही? न्हाई. कानाचं ऑपरेशन? न्हाई. साखर? न्हाई. सगळ्या खुणा उजवीकडे पडत होत्या. मग ती ओळ आली.

"आता काय?" आईने विचारलं.

"श्वासाचं आहे. दमा, पंप वगैरे."

"न्हाई लिही."

"आई..."

"हितं आल्यापासनं घेतलाय का मी पंप? हवा किती चांगली हाय. न्हाई लिही तू." बोलताना ती समुद्राकडे बघत होती. केस घट्ट बांधलेले, ओढणी खोलीवरच ठेवून आलेली. माझ्या आईला ओढणीशिवाय चारचौघांत मी पहिल्यांदा बघत होते.

पाण्याखाली दम अडकला तर झटकन वर येता येत नाही, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. मी डावीकडे खूण केली. फॉर्म उलटा करून म्हणाले, "झालं."

खरं लिहिलं याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिला सांगितलं नाही, त्याचं वाटतं.

डायव्हिंगच्या बाई पन्नाशीच्या होत्या, उन्हाने रापलेल्या, केस पोरासारखे कापलेले. त्यांनी फॉर्म वाचला आणि हलक्या आवाजात माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. डॉक्टरांच्या पत्राशिवाय तुमच्या आईंना खाली नेता येणार नाही, फार वाईट वाटतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनती ती?"

"तुझ्या वयाच्या बायकांना डॉक्टरची चिठ्ठी लागते म्हणे."

हे मी बोलत असताना आमच्या शेजारीच एक पांढऱ्या केसांची परदेशी बाई, आईपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी तरी मोठी, काळा रबरी पोशाख अंगात चढवत होती. आईने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

पप्पा खुर्चीतून म्हणाले, "वयाचं असेल तर मी आधीच बाद." ते तसेही येणार नव्हते. जिथे सिग्नल नाही तिथे आपण जात नाही, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

मी म्हटलं, "मग मीपण नाही जात."

"तू जा," आई म्हणाली. "माझ्या वाटचं बघून ये."

हे शब्द आमच्या घरातले रोजचे आहेत. पप्पांची ड्युटी कधी पहाटे संपायची, कधी भर दुपारी, त्यामुळे त्यांच्या वाटचं कायम झाकून ठेवलेलं असायचं. नुसतं जेवण नाही. ते नसताना घरात लग्न झालं, बारसं झालं, की आई तेसुद्धा ठेवून द्यायची आणि ते जेवायला बसले की कोण आलं, कुणी काय नेसलं, कोण रुसलं, सगळं पहिल्यापासून वाढायची. पप्पा घास थांबवून विचारायचे, "मग?" ज्याला जाता आलं नाही त्याचा वाटा गेलेल्याने आणायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण मला पोहता येत नाही. आणि वाटा आणायला लागतं ते बोलणं तर त्याहून येत नाही. लहानपणी आई रोज विचारायची, "काय झालं शाळंत?" मी रोज सांगायचे, "काही नाही."

पाठीवर सिलेंडर, कमरेला शिसं, तोंडात नळी. पोहता येत नसेल तरी चालतं, बाई कायम हात धरून असतात. आधी छातीभर पाण्यात श्वासाचा सराव करायचा होता. मी तोंड पाण्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. छाती गच्च भरली होती आणि तरी हवा मिळत नव्हती. तिसऱ्या वेळी नळी थुंकून मी म्हटलं, "मला नाही जमत."

किनाऱ्यावर आई सलवार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभी होती. तिथूनच ओरडली, "अगं नुस्ती घेतीयस! घेतीयस आन् घेतीयस! सोड की! दम सोडल्याबिगर नवा यील कुठनं?"

बाईंना मराठी येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "साँस छोड़ो बेटा, पहले पूरा छोड़ो।"

"ती बी त्येच म्हनतीया!" आई ओरडली.

मी सोडला. सगळा सोडला. मग आत आला तो श्वास लांब होता, त्याचा बारीक सूं असा आवाज कानात भरला. आईच्या पंपाचा आवाज असाच असतो. पाठ फिरवली तरी मला घरभर ऐकू येणारा. मी त्या आवाजाला धरून खाली गेले.

खाली काय होतं ते मी आईसाठी बघत होते, म्हणून मला इतकं आठवतं. एरवी मी घाबरून डोळे मिटून घेतले असते. वाळू पांढरी होती, वाऱ्याने पडाव्यात तशा तिच्यावर बारीक वळ्या. पिवळे मासे माझ्या मनगटाच्या पट्ट्याजवळ येऊन बघून गेले. (पप्पांना सांगायचं, इथेही तपासणी आहे.) एका दगडावर जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला उघडा पडला होता. आमची सावली पडली तसा तो मिटला. काळी, जाड काकडीसारखी एक वस्तू वाळूत पडली होती, ती जिवंत आहे असं बाईंनी खुणेने सांगितलं. वर बघितलं तर पाण्याची उलटी बाजू चमकत होती आणि माझे बुडबुडे तिकडे निघाले होते.

शेवटी आम्ही तळाशी गुडघे टेकले. मी हात वाळूवर ठेवला. गाळ नव्हता. माझी पाची बोटं, नखांवरचा उडालेला रंग, त्यांची सावली, सगळं स्वच्छ दिसत होतं. इथे चाचपावं लागलं नसतं. आणि मास्कच्या आत मला रडू आलं, जे तिथे अजिबात सोयीचं नाही, नाक पुसता येत नाही.

वर आल्यावर पप्पा चहा घेऊन आले, अर्थातच मनगट दाखवून. आई माडाखाली बसली होती. मी टॉवेल गुंडाळून शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. वाळूच्या वळ्या, शिंपला, काकडी. आई मधूनच विचारत होती. "केवढा शिंपला? परातीएवढा?" "व्हय? आन् मिटला?" पप्पा म्हणाले, "मग?" मी इतकं सलग आयुष्यात बोलले नव्हते. चहा गार झाला. पप्पा आणखी चहा धरलाय का बघायला उठून गेले.

तेव्हा मी म्हटलं, "आई, ते वयाचं नव्हतं. मी फॉर्मवर दमा आहे असं लिहिलं."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"तुझा हात बघत हुते न्हवं मी. समद्या खुना उजवीकडं, एकच डावीकडं. इंग्रजी न्हाई येत मला. उजवं-डावं येतंय."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"तू बोलतीस का बघत हुते."

"राग आलाय?"

"आला हुता. अजून हाय थोडा." तिने माझ्या टॉवेलचं टोक घेऊन माझे केस पुसायला सुरुवात केली, जरा जोरातच. "लिहिलंस ते बराबर हाय. पर मला म्हातारी कशापायी केलीस? ती पांढऱ्या केसाची बाई डोळ्यासमोर कापडं चढवतीया, आन् ही म्हनती वय!" आणि ती हसली. हसता हसता तिला खोकला आला. तिने पर्स उघडली, रुमाल सोडला आणि पंप घेतला. पाठ फिरवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले. मी स्वतःहून जाऊन कुणाशी बोलणं ही आमच्या घरी बातमी आहे. मी विचारलं, खोल नाही, कमरेएवढ्या पाण्यात, पाय टेकवून, नुसता मास्क लावून आईने खाली बघितलं तर? बाई म्हणाल्या, पाय टेकलेले असतील, मन शांत असेल आणि पंप जवळ असेल तर बघू द्या. त्या स्वतः किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

पाणी तेव्हा अगदी संथ होतं. आईने मास्क लावला, पट्ट्यात अडकलेले केस मी सोडवले. तिचा एक हात माझ्या हातात होता, माझ्या दुसऱ्या मुठीत पंप. पप्पा कोरड्या वाळूवरून हात वर करून उभे, गाडी सोडताना उभे राहायचे तसे.

आईने दम सोडला, घेतला आणि वाकली. मी मनात आकडे मोजायला लागले. सातला मी घाबरले. दहाला तिचा हात ओढावा असं वाटलं, पण तिची पकड सैल होती, घाबरलेल्या माणसाची नसते तशी. बाराला ती वर आली. नाकातोंडातून पाणी गळत होतं, आणि चेहरा मी ओळखत नव्हते असा.

"काय दिसलं?" मी विचारलं.

तिथे प्रवाळ नव्हतं, शिंपला नव्हता, मासेसुद्धा नव्हते. नुसती वाळू होती आणि त्यात आम्ही दोघी उभ्या होतो.

"तुझे पाय," आई म्हणाली. "करंगळीचं बोट वाकडं हाय तुझं. माझ्यावानी. एवढी मोठी झालीस, कवा ध्यानातच आलं न्हाई." तिने मास्क पुन्हा नीट बसवला. "धर हात. अजून एकदा बघती."