मामांच्या आट्यांत काढलेली खोट

दारासुरम् रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी पाइपचे आटे तपासते. आटे निमुळते असतात. त्यांवर रिंग गेज, म्हणजे आतून आटे असलेली मापाची कडी, नुसत्या बोटांनी फिरवायची, बोटं अडली की थांबायचं. पाइपचं टोक रिंगच्या तोंडाशी आलं तर माल पास. बाहेर डोकावलं तर आटे जास्त कापले गेले, पाइप भंगारात.

आटे पाडायचे माझे मामा, आईचे चुलतभाऊ. माझी नोकरी त्यांनीच लावून दिली आणि दर लग्नकार्यात चारचौघांत ते ऐकवलंही. "तपासणीच्या स्टुलावर हिला मी बसवलों!" मला त्याचा भयंकर राग यायचा. अजून येतो.

म्हणून त्यांचे पाइप डोकावू लागले तेव्हा मला बरंच वाटलं. सगळ्यांना कळावं म्हणून मी तमिळमध्ये ओरडायची आणि पाइप त्यांच्या पायाशी टाकायची. मामा मात्र हळूच, घरच्या मराठीत म्हणायचे, "अगे, रिंग झिजली असेल. मास्टर प्लग लावून पाहा की."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणायची. शेजारी कुणाला मराठी येत नव्हतं, तरी मामांचा चेहरा पाहून ते हसायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप मास्टर प्लग, रिंग पारखायचं अचूक माप, रिंगला लावला. रिंग खरंच झिजली होती, म्हणून पाइपवर जास्त आत जात होती. मामांचे आटे बिनचूक होते आणि महिनाभर मी चांगला माल भंगारात घातला होता. दर आठवड्याला रिंग तपासणं माझं काम. मी न तपासताच रजिस्टरवर सही करत आले होते.

त्याच दुपारी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. विचारलं, "रिंग तपासलीस ना?"

"तपासली. ठीक आहे," मी म्हणाले. "मामांचे हात आता थरथरतात."

मामांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. मी रिंग बदलून घेतली. नव्या माणसाचा पहिलाच पाइप पास झाला, तेव्हा मालकांनी माझी पाठ थोपटली.

दिवाळीला मेलकावेरीत मामांकडे गेले. मामी सांगत होत्या, हे आता स्कूटर चालवत नाहीत, गरम भांड्याला हात लावत नाहीत. मामा माझ्याजवळ येऊन बसले. हात पुढे धरून बराच वेळ बघत राहिले. हात अजिबात थरथरत नव्हते.

"चूक माझीच, गे," ते म्हणाले. "तुझ्या रिंगेवर उगाच आळ घातलों. मनांत ठेवूं नकोस."

"वयानं होतं असं," मी म्हणाले, आणि मामींकडे आणखी कॉफी मागितली.