नॉर्वेच्या डोंगरावर 'इथी हावो'

त्या दुपारी मी आमच्या वैनगंगेकाठच्या मारकंड्याच्या महादेवाला हात जोडले नाहीत, सरळ धमकी दिली: माझी माय परत दे, नाही तर या जन्मात तुझी पायरी चढणार नाही. भक्तानं असं बोलू नये म्हणतात. म्हणू देत. ज्याची माय परक्या देशात धुक्यात हरवली असेल, त्यानंच मला शिकवायला यावं.

मी चामोर्शी तालुक्यातला, नोकरीपायी नॉर्वेत राहतो. माय आणि मामा भेटायला आले, तेव्हा त्यांना सगळं दाखवायची मला कोण हौस! एक धबधबा तर एवढा उंच, की वरून निघालेलं पाणी खाली पोचेस्तोवर म्हातारं होतं. मायनं त्यालाही हात जोडले. मी हसलो. "माय, तुझ्या महादेवाची हद्द वैनगंगेपाशी संपली."

"हद्द फॉरेस्टवाल्याले राह्यते बाबू, देवाले नाई."

मला ते पटलं नाही. इतकी वर्षं बाहेर राहून देव मला घरच्या पितळी गडव्यासारखा वाटू लागला होता. आपलाच, पण गावी फळीवर ठेवून आलेला.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेलो. वर झाड म्हणून नाही. नुसता खडक, आणि वाट कळावी म्हणून जागोजागी रचलेल्या दगडांच्या राशी. मामांचा फोटो काढेपर्यंत धुकं उतरलं. सुरीनं वड्या पाडाव्यात इतकं घट्ट. मला वाटलं माय मामांजवळ आहे, मामांना वाटलं माझ्याजवळ. आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो तेव्हा कळलं, ती कुणाजवळच नाही. तिच्या अंगात पातळ स्वेटर, वाटेच्या एका अंगाला तुटलेला कडा, आणि फोनवर मदतवाले सांगत होते की वर यायला वेळ लागेल. तेव्हा मी ती धमकी दिली आणि रडायला लागलो.

मामा खेकसले, "रडून काऊन राह्यला बे? हाक दे ना, मोहावर गेल्यावानी!"

आमच्याकडे मोहफुलं वेचताना बायका जंगलात पांगतात. चुकलेल्या बाईचा एकच नेम. एक झाड धरायचं, जागा सोडायची नाही, आणि हाक आली की "इथी हावो", म्हणजे इथे आहे, असं ओरडायचं. मी हाक दिली. अशी दिली की शेजारच्या देशातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या असतील. उत्तर नाही. पुन्हा दिली, पुन्हा दिली. मग धुक्यातून आवाज आला, "इती हावोऽऽ!"

आवाज पुरुषाचा होता. जाडाभरडा, आणि चक्क परका.

त्या रोखानं आम्ही सरपटत गेलो. माय दगडांच्या राशीला मिठी मारून बसलेली, अंगावर कुणाचा तरी कोट. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक गोरा म्हातारा. माझ्या मते सात फुटांचा. मामा नऊ सांगतात, आणि चामोर्शीच्या स्टँडवर आता तो बारा फुटांचा झालाय. त्यानं तिला खाली न्यायची खूप खटपट केली, पण तिनं रास सोडली नाही. "माहा पोरगा इथीच येइन, मी हालत नाई." ओरडून तिचा घसा बसला तेव्हा तिनं त्यालाच ते दोन शब्द शिकवले, आणि तो तिच्या वतीनं ओरडत राहिला.

त्यानं आम्हाला राशीराशीनं खाली आणून सोडलं. मायच्या अंगावरचा कोट काढून द्यायला वळलो, तर माणूस नाही. मायनं "महादेव!" म्हणत डोंगराकडे हात जोडले.

मामा म्हणाले, "डोंगर फिरणारा कोणी म्हातारा असन. गोऱ्याले महादेव काऊन करून राह्यली वो?"

माय घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आरतीत कर्पूरगौर म्हणते ना तू? मंग गोराच राहीन ना!"

कोण होता ते मला ठाऊक नाही. मी भांडतही नाही. धमकी मी दिली होती, माय मला मिळाली होती, आणि माझी मान आपोआप खाली गेली होती. मारकंड्याच्या कथेतल्या ज्या पोरानं यम समोर असताना पिंड सोडली नाही, त्यालाही कुणी सांगितलंच असेल की सोड आता, शहाण्यासारखं वाग. शरण जाणं मला त्या दगडांच्या राशीपाशी कळलं. धरायचं आणि हलायचं नाही, येणारा येतो.

यंदाच्या शिवरात्रीला मी गावी आलो होतो; माय भर उन्हात तो लोकरी कोट हातावर घेऊन मारकंड्याच्या रांगेत माझ्यापुढं उभी होती. पिंडीशी पोचल्यावर तिनं दोन्ही हातांनी पिंड घट्ट धरली. मागून रेटारेटी, "चला बाई, पुढं चला!" ती हलली नाही. गाभारा दणाणेल अशी ओरडली, "इथी हावोऽऽ!"

मग मीही ओरडलो.