सातच्या आधीची माणसं

सगळं ऑफिस तिला मोजणीबाई म्हणायचं. तोंडावर नुसतं 'बाई' आणि पाठीमागे 'मोजणीबाई', आणि दोन्ही तिला पक्कं ठाऊक होतं. उपनगरी रेल्वेच्या नियोजन विभागात तीस वर्षं ती एकच काम करत आली होती. कुठल्या स्टेशनवर किती माणसं चढली आणि किती उतरली ते मोजायचं आणि तक्त्यात भरायचं. ऐकायला काय, कुणीही करेल असं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल! फलाटावर उभं राहायचं, हातात खटक्याचं छोटं यंत्र, दर माणसाला अंगठ्याने एक खटका. कुणाशी बोलायचं नाही, शिंक आली तरी नजर हलवायची नाही. तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता आणि नव्याने लागलेल्या पोरापोरींना ती तो अशा थाटात दाखवायची की बिचारे लगेच आपला अंगठा चाचपून बघायचे.

पण कामाला वजन होतं. पुढे गाडीला आठ डबे पुरतील की बारा लागतील, कुठला फलाट लांबवायचा, कुठे तिसरा रूळ टाकायचा, कुठे नवं स्टेशन उभं करायचं, हे सगळं तिच्या तक्त्यांवरून ठरायचं. साहेब लोक नकाशावर रेघा मारत, पण रेघ कुठे न्यायची ते आधी मोजणीबाईला विचारत. आणि तिचा आकडा कधी चुकत नसे. निदान तिची स्वतःची तशी खात्री होती, आणि खात्री असलेलं माणूस जरा ताठच चालतं, तशी तीही चालायची.

त्या वर्षी पुढच्या तीस वर्षांचा मोठा आराखडा तयार झाला. दहा दिवसांनी तो संचालकांपुढे जायचा होता, आणि महिनाअखेरीला मोजणीबाई निवृत्त व्हायची होती. "पहिल्याच पानावर तुमचा उल्लेख असणार, बाई," मोठे साहेब म्हणाले होते. तिचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. त्याने ते ऐकल्याबरोबर तिच्यासाठी नवी सोनेरी फ्रेम काढून ठेवली. "फोटोत चांगलं दिसायला हवं ना! जुन्या चष्म्यात तू कायम कुणाची तरी चूक काढायला निघाल्यासारखी दिसतेस," तो म्हणाला.

"मी चुका काढायलाच निघालेली असते," ती म्हणाली, पण फ्रेम तिने दोनदा घालून बघितली.

एका सकाळी ती साडेसातलाच ऑफिसात पोचली. काही तक्ते शेवटचे तपासायचे होते. बैठकीच्या खोलीत लांब टेबलावर आराखड्याचा नकाशा पसरलेला होता, आणि त्याच्यापाशी साफसफाईवाली मावशी हातात फडकं घेऊन उभी होती. चेहरा एवढासा झालेला. ही मावशी रोज सहाला ऑफिस उघडायची, झाडून पुसून घ्यायची, दोनला घरी जायची. पंधरा वर्षं झाली असतील तिला तिथे.

"बाई, एक सांगू का? रागावू नका," मावशी म्हणाली.

"सांगा ना."

"माझ्या हातून घोळ झालाय. काल टेबल पुसताना फडकं जरा जास्तच ओलं होतं. नकाशावरून आमचा थांबाच पुसला गेला बघा."

मोजणीबाई वाकून बघू लागली. वळणावरचा थांबा. एकच आखूड फलाट, तिकिटाची खिडकीसुद्धा नाही. जुन्या नकाशात तिथे ठिपका होता, नव्या नकाशात लाल रेघ तिथून सरळ निघून गेली होती.

"पुसला नाही गेला, मावशी. तुमचा काही दोष नाही. तो थांबा आराखड्यातून काढलाय. तिथे गाडी थांबली नाही तर पुढच्या सगळ्यांची दोन मिनिटं वाचतात. असे चार थांबे काढलेत."

"काढलाय? का बरं?"

"तिथे माणसंच चढत नाहीत फारशी. चारशेच्या वर असती तर ठेवला असता. एकशे बारा आहेत दिवसाला."

मावशी चक्क हसली. "एकशे बारा? बाई, थट्टा करता का गरिबाची? एकशे बारा तर आमच्या एका गल्लीतून निघतात! हॉस्पिटलच्या आया, धुलाईतल्या बायका, भाजीबाजारातले हमाल, रखवालदार. पहिल्या तीन गाड्यांत सगळे निघून जातो. सातनंतर तिथे कुत्रं फिरकत नाही. तुमची माणसं मोजायला येतात तरी कधी?"

"सातला," मोजणीबाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

कारण सातला का, हे त्या ऑफिसात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस ती स्वतः होती.

तीस वर्षांपूर्वी ती नवीनच लागली होती. तेव्हाच्या साहेबांनी मोजणीची नियमावली तिच्याकडून लिहून घेतली, कारण तिचं अक्षर सुरेख होतं. आधी मोजणी पहिल्या गाडीपासून, पहाटे साडेचारपासून व्हायची. तिची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, अंगावर पिणारी. पहाटे बाळ रडत टाकून निघायचं म्हणजे तिचा जीव अर्धा व्हायचा. लिहिता लिहिता तिने लिहून टाकलं: सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ. वर्षभरात बदलून घेऊ, असं मनाशी म्हणाली. साहेबांनी अक्षराची तारीफ केली आणि न वाचता सही ठोकली. पुढे वर्ष झालं, दोन झाली, साहेब बदलले, नियमावली टाइप झाली, मग कॉम्प्युटरवर चढली. सात म्हणजे सात. सातच्या आधीही माणसं असतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यांचे पास मोठ्या स्टेशनवर निघायचे आणि आकडाही तिथलाच धरला जायचा. आणि ही माणसं परत यायची दुपारी तीनला, तेव्हाही मोजणारे घरी गेलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला चारला उठवलं. "स्कूटर काढा. वळणावरच्या थांब्याला जायचंय."

"अगं, निवृत्तीला तीन आठवडे राहिलेत. आता कसली हौस आलीय?" तो बडबडला, पण स्कूटर काढली. संसारात बडबडायचा हक्क त्याने कधी सोडला नव्हता आणि निघायचं काम कधी टाळलं नव्हतं.

ती फलाटाच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिचा अंगठा चालू लागला. सात वाजता तिने यंत्र बघितलं. सहाशे त्रेचाळीस. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच.

"मग सोपं आहे," परत येताना सातची सगळी हकिकत ऐकून नवरा म्हणाला. "नवी मोजणी केली, माणसं वाढलेली दिसली, असं सांग. सातचं कोण विचारतंय? तुझं पहिलं पान तुझ्याजवळ राहील."

तिलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू, खरंच पटलं. कुणाचं नुकसान नव्हतं, थांबा राहिला असता, तिचा मानही राहिला असता. दोन दिवस ती हेच घोकत होती.

बैठकीत मोठे साहेब, चार अधिकारी आणि कॉम्प्युटर सांभाळणारी नवी इंजिनीअर मुलगी होती. मोजणीबाईने नवा आकडा मांडला. साहेबांच्या कपाळावर आठी आली.

"बाई, तीस वर्षं इथे शंभर-सव्वाशेच्या वर आकडा गेला नाही आणि आता एकदम सहाशे? एखाद्या दिवशी काही विशेष असेल. जत्रा म्हणा, संप म्हणा. एका दिवसाच्या मोजणीवर मी आराखडा बदलू? तुमच्याच तीस वर्षांच्या तक्त्यांविरुद्ध?"

आता आली का पंचाईत! तिच्या नव्या आकड्याला तिचाच जुना आकडा आडवा आला होता. गप्प बसली असती तर कागद बाजूला पडला असता आणि वळणावरचा थांबा गेला असता. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"माझे तक्ते अर्धे आहेत, साहेब," ती म्हणाली. "आपण सातनंतर मोजतो. तिथली माणसं सातच्या आधी जातात. आणि सातची वेळ मी लिहिली होती. माझी मुलगी लहान होती, अंगावर पीत होती, मला पहाटे निघवत नव्हतं. म्हणून लिहिली. कुणाला सांगितलं नाही."

साहेबांनी समोरचा तक्ता बाजूला सारला. माणूस वाईट नव्हता. ते हळूच म्हणाले, "तान्हं मूल घरी होतं, बाई. समजू शकतो. त्याला काय चूक म्हणायचं?"

खरं तर इथे तिला सुटता आलं असतं. साहेबांनी दार उघडून दिलं होतं, फक्त बाहेर पडायचं होतं. पण आकड्यात सवलत घ्यायची तिला सवयच नव्हती.

"वर्षभरात तिने दूध सोडलं, साहेब," ती म्हणाली. "एक वर्ष तिचं धरा. उरलेली एकोणतीस माझी."

एवढं बोलल्यावर मात्र तिला रडू आवरेना. तीस वर्षांत त्या खोलीत ती पहिल्यांदा रडली, आणि रडताना तिला भयंकर लाजही वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. नव्या इंजिनीअरने पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला.

मग व्हायचं ते झालं. आराखडा सहा महिने लांबला. एक अधिकारी जाता जाता म्हणाला, "बाईंनी तीस वर्षं पाण्यात घातली," आणि ते तिने ऐकलं. पहिल्या पानावरचा उल्लेख गेला. त्याऐवजी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक टीप आली, 'सकाळी सातपूर्वीची मागील आकडेवारी उपलब्ध नाही.' ती टीप तिने स्वतः लिहून दिली होती, त्याच सुरेख अक्षरात. सोनेरी फ्रेम दुकानाच्या कपाटात परत गेली. "फ्रेम काय, पुढच्या महिन्यात कुणीतरी नेईल," नवरा म्हणाला आणि त्या रात्री स्वयंपाक त्याने केला. मीठ विसरला, पण केला.

चारही थांब्यांची मोजणी पहिल्या गाडीपासून पुन्हा करायची ठरली. नवी इंजिनीअर यादी घेऊन तिच्या टेबलाशी आली आणि घुटमळत उभी राहिली. "बाई, वळणावरचा थांबा माझ्याकडे आलाय. पहाटे पावणेपाचला. माझा मुलगा सात महिन्यांचा आहे."

"मग नियम बदलायचा नाही, माणूस बदलायचं," मोजणीबाई म्हणाली. "तुझ्या जागी माझं नाव लिही. तुम्ही दुपारची मोजणी करा, मॅडम." असं ती अर्धं अरेतुरे आणि अर्धं अहोजाहो बोलली, आणि दोघी हसल्या.

मावशीला बातमी लागली तेव्हा ती मदतीला धावून आली. "बाई, गल्लीतली सगळी पोरंटोरं, म्हातारे उभे करते त्या दिवशी. हजारावर नेऊ आकडा!"

"खबरदार!" मोजणीबाई कडाडली. "ज्याला गाडीत चढायचंय त्यानेच यायचं. एकही जास्त नको आणि एकही कमी नको."

मोजणीचा दिवस तिच्या नोकरीचा शेवटून दुसरा दिवस होता. अजून उजाडायचं होतं. फलाटाच्या तोंडाशी, दिव्याखाली, ती यंत्र घेऊन उभी राहिली. पाच दहाची गाडी आली. गर्दीत सगळ्यात पुढे मावशी होती. रोज ती धावत जाऊन चढायची, पण त्या दिवशी ती मोजणीबाईसमोर येऊन थांबली, फोटो काढताना उभं राहावं तशी ताठ, हात बाजूला. खटका वाजेपर्यंत हललीच नाही.

"झालं?" तिने विचारलं.

मोजणीबाईने मान हलवली. मावशी चढली. तिच्या मागची आया हे बघत होती. तीही समोर येऊन थांबली. खटका ऐकला आणि गेली. मग धुलाईतल्या दोघी, मग डोक्याला फडकं गुंडाळलेला हमाल, मग रात्रपाळीच्या रखवालदाराला सुटी द्यायला निघालेला रखवालदार. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकेक जण तिच्यासमोर क्षणभर उभा राहायचा, खटका ऐकायचा आणि मगच गाडीत चढायचा. काहींनी तर मानही लववली. मोजणीबाईला समोरचं धूसर दिसायला लागलं, पण चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता.

गाडी निघायची वेळ होऊन गेली. मागच्या डब्यातून गार्डाने शिट्टी मारली, मग डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ बाई, गाडीला उशीर होतोय! किती वेळ चालणार हे?"

मोजताना ती कधी कुणाशी बोलत नसे. तीस वर्षांत एकदाही नाही. त्या दिवशी तिने अंगठा चालता ठेवला आणि मान न वळवता मोठ्याने सांगितलं, "जरा दम धरा. अजून माणसं राहिलीत."